जिथून चित्र येत नाही

१

ओरेस्ट दोन आठवड्यांसाठी म्हणून बहिणीच्या तळघरात राहायला आला आणि सोफ्यावर जो आडवा झाला तो झालाच. तेव्हा विनिपेगच्या झाडांची पानं गळत होती. आता बाहेर उणे तीस होतं, गाडी सकाळी सुरू व्हावी म्हणून रात्रभर तिला विजेची वायर जोडून ठेवावी लागत होती, नाताळ येऊन गेला होता, आणि गडी तिथेच. बसगाड्यांच्या कारखान्यातली नोकरी सुटली होती, बायको कॅल्गरीला निघून गेली होती. वाईटच झालं, नाही कोण म्हणतंय? पण माणसं अशातून उठतात. हा उठेना.

लारिसा थोरली. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची, दिवसभर लोकांना हसून घाबरू नका म्हणून सांगायची आणि घरी आल्यावर स्वतः घाबरायची. ताट घेऊन खाली जायचं, तपकिरी पांघरुणाखालच्या पाठीशी दोन शब्द बोलायचे, अर्धं भरलेलं ताट घेऊन वर यायचं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्या तो न चुकता घ्यायचा आणि कूस बदलायचा. त्या सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरत. तो आवाज तिला भिंतीपलीकडूनही ओळखू यायला लागला होता. एक दिवस आपण खाली जाऊ आणि हा कायमचाच तिथला झालेला असेल, अशी धास्ती तिनं घेतली होती. कोणापाशी बोलली मात्र नाही.

दवाखान्यातल्या पोरी मिळून कसलासा गेम खेळायच्या, गाव वसवायचा. लारिसालाही वाटलं, आपणही घ्यावा एक कॉम्प्युटर. त्या दिवशी ताट नेताना तिनं जिन्यातूनच फोनवरची जाहिरात वाचून दाखवली. तयार जोडलेला डबा, रंगीत दिवे, पंखेच पंखे. एवढे पंखे म्हणजे फास्टच असणार, असं ती आपली भोळेपणानं म्हणाली.

पांघरूण हललं. "पंख्यांनी कॉम्प्युटर फास्ट होत नाही, लारिसा."

कित्येक आठवड्यांत त्यानं उच्चारलेलं हे पहिलं अख्खं वाक्य. तिनं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, मग कशानं होतो? तर तो उठून बसला. दाढी छातीपर्यंत आलेली, केसांचं घरटं झालेलं, आणि चेहऱ्यावर साक्षात संताप. तयार डबा घेणं म्हणजे डोळे मिटून पैसे विहिरीत टाकणं, म्हणाला. सुटे भाग निवडायचे आणि घरी जोडायचा. इतकी साधी गोष्ट कळत नाही का तुला?

नाही कळत, लारिसा म्हणाली, वर येऊन समजावून सांग.

आणि तो आला.

२

त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर जी भांडणं झाली, ती लारिसाला अजून आठवतात आणि अजून हसू येतं. तिचं बजेट मधलं. राजाचं नाही, भिकाऱ्याचंही नाही. ओरेस्टच्या मते खरी अक्कल लागते ती याच बजेटला, कारण श्रीमंताला निवडावं लागत नाही आणि गरिबाला निवडता येत नाही. तिला काचेचं कॅबिनेट हवं होतं, त्याला हवा खेळणारं जाळीचं. तिनं पॉवर सप्लाय स्वस्तातला दाखवला तर त्यानं असं तोंड केलं की जणू तिनं घराला आग लावायची परवानगी मागितली. बोलता बोलता त्यानं समोरची बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी उचलली, आंबट सायीत बुडवली आणि खाल्ली, मग आणखी खाल्ली. लारिसा तिकडे बघायचंसुद्धा टाळत होती, न जाणो दृष्ट लागायची.

सगळ्यात मोठी जुंपली ती प्रोसेसरवरून. एकच प्रोसेसर दोन तऱ्हांनी मिळत होता. एकात चित्र काढणारा भाग आतच बसवलेला, दुसऱ्यात तो नाही, म्हणून तो स्वस्त. लारिसाला पहिला हवा होता. असू दे की जवळ, अडीनडीला उपयोगी पडेल.

"ग्राफिक्स कार्ड घेतोय ना आपण? चित्र काढायचं काम त्याचं," ओरेस्ट म्हणाला. "एका लग्नात दोन नवरदेव कशाला?"

"आणि कार्ड बंद पडलं तर?"

"तर पडदा काळा. आंधळा म्हणजे आंधळा. या प्रोसेसरला जन्मात चित्र काढता येणार नाही. वाचलेल्या पैशात कार्ड वरच्या दर्जाचं येतं, ते बघ."

तिनं हार मानली. तो जिंकला म्हणून हसला. हसला, खरोखर, दात दिसेपर्यंत. लारिसानं कॉफी ओतायच्या निमित्तानं पाठ फिरवली आणि डोळे पुसले. त्याच वेळी खालून आवाज आला. कुरर्र. सोफ्यावर कोणीतरी कूस बदलली.

ओरेस्ट तिच्यामागे टेबलाशी बसला होता. रॅमच्या किमती वाचत होता, मोठ्यानं.

थंडीनं घरं बोलतात, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लाकूड आकसतं, खिळे कडकतात, घर तापवायची भट्टी सुरू झाली की पत्र्याचे पाइप कण्हतात. लारिसानं स्वतःला हेच सांगितलं. पण खिळ्याचा आवाज वेगळा आणि स्प्रिंगेचा वेगळा, आणि हा फरक तिच्याइतका चांगला दुसऱ्या कोणाला माहीत होता?

३

भाग एकेक करून आले. कार्ड तेवढं जुनं घेतलं, डोनटच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एका बाईकडून. त्यासाठी ओरेस्ट घराबाहेर पडला. बूट घातले, टोपी घातली आणि पडला. त्या बाईला त्यानं इतके प्रश्न विचारले की शेवटी तिनं विचारलं, कार्ड घेताय की सून करून नेताय? गाडीत परत येताना तो हेच आठवून हसत होता.

शनिवारी दुपारी जोडायला बसायचं ठरलं. तळघरात सोफ्यासमोरच्या भिंतीला लारिसानं टेबल लावलं होतं, वर नवा मॉनिटर. खुर्चीत बसलं की सोफा पाठीमागे यायचा. सकाळी तिनं खाली झाडलोट केली, त्या तपकिरी पांघरुणाची घडी घालून ती सोफ्याच्या हातावर ठेवली. दुपारी दोघं डबे घेऊन उतरले तेव्हा पांघरूण सोफ्यावर लांबलचक पसरलेलं होतं आणि मधे फुगलेलं होतं. खाली कोणी असावं तितपत.

तूच झोपला होतास का मधे, असं तिनं विचारलं. ओरेस्ट सकाळपासून वरच होता, दाढी करत होता, ते तिलाही माहीत होतं. त्यानं ऐकलंच नाही. तो मदरबोर्डचा डबा उघडत होता, लहान मुलानं वाढदिवसाला उघडावा तसा. लारिसानं पांघरूण उचललं. खाली काही नव्हतं. जाड पांघरूण आहे, घसरलं असेल, फुगलं असेल. तिनं पुन्हा घडी घातली. आतली बाजू ऊबदार लागली, पण त्याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं, कारण ओरेस्ट तिला हाक मारत होता.

मग दोन तास असे गेले की काय सांगावं. प्रोसेसर जागेवर बसला, त्यावर राखाडी लेपाचा एक ठिपका, त्यावर पंखा. रॅमनं टक् असा आवाज केला तेव्हा लारिसानं टाळ्या वाजवल्या. ओरेस्टचे हात सराईत चालत होते. वायरी तो मागच्या बाजूनं अशा नेत होता की पुढून एक दिसू नये, आणि कोणाला दिसणार आहेत त्या, असं तिनं विचारलं तर म्हणाला, मला. शेवटी कार्ड बसवून स्क्रू आवळून तो मागे सरकला. कॉम्प्युटर तुझा, म्हणाला, मॉनिटरची केबल लावायचा मान तुझा. लारिसा टेबलामागे वाकली, केबल बसेल अशी पहिली जागा दिसली तिथे दाबून बसवली आणि अभिमानानं उभी राहिली.

ओरेस्टनं बटण दाबलं. पंखे फिरले. मॉनिटर उजळला.

४

दोघांनी मिठी मारली. लारिसा तर रडलीच. घोडं गंगेत न्हालं एकदाचं. ओरेस्ट तिची पाठ थोपटत होता आणि थोपटता थोपटता त्याचा हात थांबला. त्याला टेबलामागची केबल दिसली होती.

"कुठे लावलीस ही?"

लावली तिथे लावली. ती कार्डात नव्हती. वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या जागेत होती. नवखा माणूस हमखास करतो ती चूक. ज्याला दुसऱ्याचा कॉम्प्युटर जोडून द्यायची सवय असते तो अशा वेळी डोकं धरून हसतो, कारण पडदा काळाच राहतो आणि नवखा रडकुंडीला येतो. ओरेस्ट हसला नाही.

"त्या जागेला चित्र प्रोसेसर देतो," तो म्हणाला. "आणि आपला प्रोसेसर आंधळा आहे. इथून चित्र येऊच शकत नाही."

दोघांनी मॉनिटरकडे पाहिलं. कॉम्प्युटरमध्ये अजून काही भरलेलं नव्हतं. आलीच तर काळ्यावर पांढरी अक्षरं यायला हवी होती. तिथे एक खोली होती. लाकडी पट्ट्यांची भिंत, वर छोटी खिडकी, खाली सोफा. हेच तळघर, मॉनिटरच्या जागेवरून पाहिलेलं.

प्रतिबिंब आहे, लारिसाच्या मनात आलं. तिनं हात हलवला. चित्रात हात नव्हता. ती नव्हती, ओरेस्ट नव्हता, खुर्ची रिकामी होती. कॅमेरा म्हणावं तर मॉनिटरला कॅमेरा नव्हता. आणि त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून बर्फावरचं पांढरंफेक ऊन आत येत होतं, तर चित्रातली खिडकी काळी होती.

चित्रातल्या सोफ्यावर पांघरूण होतं. पांघरुणाखाली, भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी झोपलं होतं. केसांचं घरटं तेवढं दिसत होतं.

लारिसानं मान वळवून खरा सोफा पाहिला. रिकामा. हातावर घडी.

५

ती काही बोलणार तेवढ्यात चित्रातल्या माणसाचा पाय हलला. नेमक्या त्याच वेळी ओरेस्टनं जांभई दिली. मोठी, डोळ्यांतून पाणी येईल अशी.

"मी जरा पडतो," तो म्हणाला.

हे तिनं पानगळीपासून किती वेळा ऐकलं होतं, पण आज ते तिला ऐकवेना. नको, थांब, आधी हे बघू, असं ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. तो वळला होता. चालताना त्याचे खांदे उतरत गेले, आणि चित्रात पांघरुणाखालचा खांदा वर आला. ओरेस्ट सोफ्यावर बसला. चित्रातला एका कोपरावर उठला. ओरेस्टनं घडी मोडून पांघरूण अंगावर ओढलं, भिंतीकडे तोंड केलं, स्प्रिंगा कुरकुरल्या. चित्रात तो दुसरा उठून बसला. मान खाली. केसांमुळे तोंड दिसत नव्हतं.

लारिसा हिशोबी बाई होती, देवभोळी नव्हती. तिनं वाकून कॅबिनेटच्या मागचं बटण बंद केलं. पंखे थांबले. इतकी शांतता झाली की वरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. चित्र मात्र तसंच राहिलं.

मग तिचा हात मॉनिटरच्या प्लगकडे गेला आणि तिथेच थांबला. तिला एक विचार सुचला होता आणि तो काही केल्या मनातून जाईना. आत्ता, या घडीला, तो उठलाय आणि माझा भाऊ झोपलाय. आत्ता हे तोडलं तर ज्याचं जसं आहे तसंच राहील. याला पुरावा काय? काही नाही. पण पुराव्याची वाट बघत बसायची तिची छाती नव्हती. आधी ओरेस्ट उठला पाहिजे, मग केबल.

तिनं त्याला हलवलं, दंडाला धरून ओढलं. ती काही नाजूक बाई नव्हती, घरापुढचं बर्फ रोज तीच उपसायची, पण तो हात तिला सोफ्यावरून वर उचलता आला नाही. हाका मारल्या. तो म्हणाला, पाच मिनिटं. त्याच्या पाच मिनिटांनी हिवाळा खाल्ला होता. मागे मॉनिटरकडे पाहिलं तर चित्रातला उभा होता. सोफ्यापासून दोन पावलं पुढे आलेला.

पाया पडून, रडून, समजूत घालून तिनं हा भाऊ एकदाही उठवला नव्हता. तो उठला होता फक्त एकाच गोष्टीनं.

लारिसा टेबलापाशी जाऊन मॉनिटरकडे पाठ करून उभी राहिली. मॉनिटरकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं.

६

"बरं, झोप तू," ती मोठ्यानं म्हणाली. "बाकीचं मी करते. ही केबल कार्डात जरा घट्ट जातेय. नेलकटरनं टोक तासते थोडं."

काही नाही. पाठीमागे, म्हणजे तिच्या आणि मॉनिटरच्या मधे, कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. तिनं मान वळवली नाही.

"आणि तो राखाडी लेप उरलाय, वाया कशाला घालवायचा? कार्डाच्या सोनेरी दातांना फासते सगळा. धरून राहील."

पांघरूण हललं. "...काय फासतेस?"

"लेप रे. आणि पंख्यात धूळ जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधते. आणि हो, तो पॉवर सप्लाय मला जास्तच महाग वाटतो, परत करते आणि तो स्वस्तातला—"

"लारिसा." तो उठून बसला. डोळे तांबारलेले, गालावर पांघरुणाचे वळ, आणि चेहऱ्यावर तोच साक्षात संताप. "त्या कार्डाला हात लावलास तर याद राख."

"लावणार. माझं कार्ड आहे."

"तुझ्या हातात साधा दिवा द्यायची सोय नाही!" असं ओरडत तो सोफ्यावरून उठला, पांघरूण पायात अडकलं ते लाथेनं उडवलं आणि तरातरा आला. लारिसा बाजूला झाली. बाजूला होताना नाही म्हटलं तरी तिची नजर मॉनिटरवर गेलीच.

तो अगदी जवळ आला होता. अर्ध्या पडद्यावर नुसता त्याचा चेहरा होता. ओरेस्टचा चेहरा, छातीपर्यंतची ती दाढी, सगळं ओरेस्टचं. डोळे मिटलेले होते. झोपेतच चालत आला होता बिचारा, आणि एक हात पुढे करून काहीतरी चाचपत होता.

ओरेस्टनंही पाहिलं. क्षणभर दोघे समोरासमोर होते, एक दाढी केलेला, एक दाढीवाला. लारिसाला वाटलं, आता हा पुन्हा जांभई देणार. त्याचे ओठ उघडलेसुद्धा.

"बाजूला हो," ओरेस्ट त्या चेहऱ्याला म्हणाला, "मला काम आहे."

त्यानं हात मागे घातला आणि केबल उपटली. पडदा काळा झाला. तीच केबल त्यानं न बघता खालच्या बाजूला, कार्डाच्या जागेत, टक् करून बसवली. मागचं बटण चालू केलं, पुढचं दाबलं. पंखे फिरले. आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली, एकाखाली एक. प्रोसेसर सापडला. रॅम सापडली. कार्ड सापडलं. सगळं जिथल्या तिथे. ओरेस्टनं ती अक्षरं बोट फिरवत मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि मग बहिणीला कवेत घेऊन तळघरभर गरागरा फिरवलं. ती सोड सोड म्हणत होती आणि सोडू नये असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसून तिला गेम शिकवत होता. तिनं वसवलेल्या गावात विहीर स्मशानाला लागून होती, यावरून त्यानं तिला इतकं झापलं की शेवटी तिला खुर्चीतून उठवलं आणि तो स्वतः बसला. नदीकाठाला नवं गाव वसवायला घेतलं. तिनं जेवायला हाक मारली तेव्हा तो वर आला, टेबलाशी बसला, आणि सोमवारी कारखान्यातल्या जुन्या फोरमनला फोन करून बघतो, असं कोबीचा घास तोंडात असताना म्हणाला.

७

रविवारी सकाळी सोफा बाहेर काढायचा ठरला. कोणी ठरवला? दोघांनी. त्यावर फारसं बोलणं झालं नाही. मागच्या गल्लीत ठेवला की ज्याला हवा तो नेतो, नाहीतर पालिकेची गाडी नेते.

एका टोकाला ओरेस्ट, दुसऱ्याला लारिसा. हाच सोफा तिनं आणि शेजारणीनं मिळून आत आणला होता, गप्पा मारत आणला होता. आज तो जमिनीवरून सुटेना. दोघांनी दम घेऊन उचलला तेव्हा मधल्या भागात तो वाकला, स्प्रिंगा कुरकुरल्या, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर लारिसाच्या हाताला स्पष्ट जाणवलं की वरचं वजन तिच्या बाजूला सरकलं. कूस बदलल्यासारखं. वर काही नव्हतं, पांघरूणही तिनं आधीच पिशवीत भरलं होतं.

ती थांबली. खाली ठेवू या का, तिनं विचारलं, फार जड आहे रे हा.

ओरेस्ट वरच्या बाजूला होता, पाठ दाराकडे, कपाळावर घाम. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती.

"झोपलेला माणूस जडच असतो," तो म्हणाला. "मला विचार. उचल तू."

तिनं उचलला. एकेक पायरी, भिंतीला घासत, शिव्या घालत, मधेच हसत, त्यांनी तो वर आणला, स्वयंपाकघरातून नेला आणि मागच्या दारातून उन्हात काढला. बर्फात ठेवला तेव्हा त्याचे पाय खोल रुतले. ओरेस्टनं हात झटकले, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून आडवा हात धरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. मग थंडी वाजतेय, कॉफी टाक, म्हणाला आणि तिच्या आधी घरात गेला.